डोंगरावर जाऊन मिळतं काय?

आमच्या मराठवाड्यात माणूस डोंगर चढतो तो देवासाठी. माहूरला रेणुकामातेच्या पायऱ्या चढतो, दत्तशिखरावर जातो, अनसूयामातेच्या दर्शनाला जातो आणि उतरताना गुडघे धरून "झालं बाई एकदाचं दर्शन" म्हणतो. जिथे देव नाही त्या टेकडीवर गुराखी जातो, नाहीतर सरपण गोळा करणारी बाई. काही काम नसताना, नुसतं चढायचं म्हणून डोंगर चढणारा माणूस आमच्या लहानपणी दिसला असता, तर लोकांनी त्याला एकतर वेडा ठरवला असता, नाहीतर पुरलेलं धन शोधणारा!

हे लिहायचं कारण घरचंच आहे. माझ्या धाकट्या बहिणीची नात लातूरची. बारावीपर्यंत लातूर पॅटर्नमध्ये घासून निघाली आणि आता पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिथल्या एका गिर्यारोहण संस्थेत नाव घालायचं म्हणते. घरात दोन तट पडले. तिचा बाप, म्हणजे माझा भाचा, मला फोनवर म्हणाला, "मामा, तुम्हीच सांगा, यात फायदा काय? मार्क वाढणार नाहीत, नोकरी लागणार नाही. उगं दोरीला लोंबकळायचं आणि हातपाय मोडून घ्यायचे." बहिणीचं म्हणणं वेगळंच. "अण्णा, पोरीची जात आहे. सोबत कोण, कुठं राहतात, काही माहीत नाही."

भाच्याचा प्रश्न मला आवडला. लातूरकर माणूस फायदा विचारतो आणि विचारायलाच पाहिजे. पण उत्तर फोनवर पाच मिनिटांत देण्यासारखं नव्हतं. मी पडलो इतिहासाचा मास्तर. कुठलीही गोष्ट विचारली की मी आधी मागे जातो. तेव्हा मंडळी, जरा दम धरा.

डोंगर चढणाऱ्यांनी एकत्र येऊन संस्था काढायची ही कल्पना मूळची इंग्रजांची. लंडनचा अल्पाइन क्लब १८५७ सालचा. आपल्याकडे बंडाचा वणवा पेटला होता त्याच वर्षी तिकडे काही साहेब मंडळी आल्प्सच्या वाटांची चर्चा करायला जमत होती. आपल्या देशात हिमालयन क्लब निघाला १९२८ साली, तोही मुख्यतः साहेबांचाच. मग २९ मे १९५३ ला तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले आणि सगळ्या देशाच्या अंगात वारं शिरलं. पुढच्याच वर्षी दार्जिलिंगला गिर्यारोहणाचं शिक्षण देणारी संस्था सुरू झाली आणि त्याच १९५४ साली मुंबईत 'गिरिविहार' ही संस्था निघाली. नोकरी करणारी साधी मराठी माणसं. शनिवारी दुपारी कचेरी सुटली की पाठीवर पिशवी टाकून कर्जत-कसाऱ्याची लोकल पकडायची आणि रविवारी रात्री परत. पुण्यात 'गिरिप्रेमी' निघाली १९८२ साली. मधल्या काळात गो. नी. दांडेकरांसारख्यांनी गडकोटांचं वेड घरोघर पोचवलं. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे सोपं होतं, कारण सह्याद्री त्यांच्या परसात आणि शिवछत्रपतींचे गड त्यांच्या खिडकीतून दिसणारे.

आणि आपण त्यावेळी कुठे होतो?

आपण निजामाच्या राज्यात होतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. हे आजच्या मुलांना तारखेपुरतं माहीत असतं, पण त्याचा अर्थ नीट कळत नाही. जुनी माणसं 'गश्ती निशान ५३' हे शब्द अजून दात ओठ खाऊन उच्चारत. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी. खाजगी शाळा काढायची तर परवानगी, तालमीचा आखाडा काढायचा तरी परवानगी. अशा राज्यात वीस तरुण पोरं दोर घेऊन किल्ल्याकडे निघाली असती तर पोलिसांनी काय केलं असतं, ते सांगायला नको! संस्था काढणं, वर्गणी जमवणं, सभासदांची वही ठेवणं, दर महिन्याला बैठक घेऊन हिशेब मांडणं, ही सगळी सवय आहे. ती लागायला दोन-तीन पिढ्या जातात. पुण्याला ती एकोणिसाव्या शतकात लागली. आमच्याकडे जी काही लागली ती वाचनालयांच्या आणि शाळांच्या निमित्ताने, तीही जपून जपून.

मुक्त झाल्यावर तरी काय? नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं १९५० साली. मराठवाड्याचं विद्यापीठ १९५८ साली. मुंबईची पोरं डोंगरावर जायला लागली तेव्हा आमची पोरं पहिल्यांदा कॉलेजात जात होती. आधी भूक भागली पाहिजे, मग हौस. आणि १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांच्या डोळ्यांसमोर डोंगर म्हटलं की खडीच येते. मी तेव्हा नुकताच बी.ए. होऊन चिकटलो होतो. गावोगाव दुष्काळी कामं चालली होती. म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून लेकुरवाळ्या बायांपर्यंत सगळे उन्हात दगड फोडत बसलेले असत. दिवसभर दगड फोडून ज्याचे हात फुटले, त्याला रविवारी मजेखातर दगडावर चढ म्हणायची कोणाची छाती होईल?

शिवाय आमचे किल्ले पाहा. औसा, उदगीर, कंधार सगळे भुईकोट. नांदेडचा गोदावरीच्या काठावर. कंधारला किल्ल्याभोवती रुंद खंदक आहे, राष्ट्रकूटांच्या खुणा आहेत, पण चढायचं असं काही नाही. खरा डोंगरी किल्ला म्हणावा तो माहूरचा. बाकी बालाघाटच्या टेकड्या आणि आमची 'बेटं'. आमच्याकडे नदी-समुद्र नसतानाही टेकडीला बेट म्हणतात, हे कोकणातल्या व्याह्यांना सांगितलं की ते हसतात. उदगीर तालुक्यात देवर्जनजवळ हत्तीबेट आहे. एवढीशी टेकडी, वर कोरीव गुहा, गंगाराम महाराजांची समाधी. मुक्तिसंग्रामात याच टेकडीच्या आसऱ्याने आपल्या लोकांनी रझाकारांशी झुंज दिली. म्हणजे आमच्या डोंगरांनी माणसं वाचवली आहेत. फक्त त्यांच्याकडे आम्ही पुन्हा वळून पाहिलं नाही.

असो. इतिहास फार झाला. भाच्याच्या प्रश्नाकडे येतो.

माझा एक जुना विद्यार्थी निलंग्याकडचा. दहावीला जेमतेम पास झालेला. आय.टी.आय. करून पुण्याला कारखान्यात लागला आणि तिथे कोणाच्या तरी नादाने अशाच एका संस्थेत शिरला. पाच-सात वर्षांनी भेटायला आला तेव्हा मी त्याला हेच विचारलं, काय शिकलास बाबा तिथे? तो म्हणाला, "सर, पहिलं वर्ष मला नुसता दोर गुंडाळायला लावला." मला वाटलं थट्टा करतोय. मग त्याने समजावून सांगितलं. दोर गुंडाळताना तो इंच इंच हातातून सरकवायचा, कुठे घासलाय का, कुठे मऊ पडलाय का, हे बोटांनी तपासायचं. दोरावर पाय द्यायचा नाही, कोणी दिला तर त्याला ओरडायचं, मग तो वयाने कितीही मोठा असो. गाठ मारली की दुसऱ्याला दाखवायची. स्वतः मारलेली गाठ स्वतःच बरोबर म्हणायची नाही. वर चढणाऱ्याचा दोर खाली ज्याच्या हातात असतो त्याने इकडेतिकडे बघायचं नाही, फोन घ्यायचा नाही, गप्पा मारायच्या नाहीत. वरचा घसरला तर त्याचा जीव खालच्याच्या मुठीत. याला ते 'बिले' म्हणतात.

मी पस्तीस वर्षं मास्तरकी केली. 'एकमेका साहाय्य करू' हे फळ्यावर सुंदर अक्षरात किती वेळा लिहिलं असेन. पण एका मुलाचा जीव दुसऱ्या मुलाच्या मुठीत द्यायचा आणि त्याला ते पेलायला शिकवायचं, असा धडा माझ्याकडे नव्हता. आमच्या परीक्षेत तर शेजाऱ्याला मदत करणं हाच गुन्हा!

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली. रांगेत सगळ्यात पुढे वाट माहीत असलेला चालतो हे कोणीही सांगेल. पण सगळ्यात मागे कोण चालतो? मागेही अनुभवीच माणूस असतो. त्याच्या मागे कोणी राहायचं नाही. दमलेला, पाय मुरगळलेला, घाबरलेला, सगळ्यांच्या मागे तो. दर थांब्यावर डोकी मोजतो. आकडा जुळला की निघायचं. माझ्या बहिणीने 'सोबत कोण' म्हणून विचारलं ना, तर हे उत्तर. आपली पोरं आपापसात मोटारसायकलवर बसून सहस्रकुंडाला जातात तेव्हा डोकी कोण मोजतं? पैनगंगेचा तो धबधबा पावसाळ्यात काय रूप घेतो हे नांदेडकरांना मी सांगायला नको. कातळ शेवाळलेला, पाणी क्षणात वाढतं, आणि पोरगं फोन धरून पाठमोरं मागे सरकत असतं. दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या धबधब्याची बातमी येतेच. धोका डोंगरात आहेच. पण न शिकता जाण्यात तो किती पटीने जास्त आहे, याचा हिशेब घरचे करत नाहीत. संस्थेत जाऊ नको म्हटलं की पोरं घरी बसतात असं थोडंच आहे? ती न सांगता जातात.

भाचा यावर म्हणेल, शिकलेलेही मरतात की. खरं आहे, आणि ते लपवून मला काही पटवायचं नाही. जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दोराने उतरताना अरुण सावंत गेले. आयुष्य सह्याद्रीत घातलेला, कितीतरी जणांना शिकवलेला माणूस. निसर्गापुढे आणि दगडापुढे कोणाचीच हमी नाही. मी भाच्याला हमी देणार नाही. सांगतो ते एवढंच, की चांगल्या संस्थेत परत फिरायला शिकवतात आणि ही विद्या आपल्या शिक्षणात कुठेही नाही.

आपल्याच मराठवाड्यातली दोन उदाहरणं घ्या. तेव्हाच्या औरंगाबादच्या मनीषा वाघमारे २०१७ साली एव्हरेस्टवर निघाल्या होत्या. शिखर जेमतेम १७० मीटर उरलं असताना हवा बिघडली म्हणून त्या परत फिरल्या. १७० मीटर म्हणजे आमच्या शाळेच्या फाटकापासून मुख्य रस्त्यापर्यंतचं अंतर! केवढा पैसा, केवढी वर्षं पणाला लावलेली. पण फिरल्या, म्हणून जिवंत राहिल्या, म्हणून २०१८ च्या मे महिन्यात पुन्हा जाऊन शिखरावर उभ्या राहू शकल्या. तसेच पोलीस खात्यातले रफिक शेख. २०१४ साली हिमप्रपातामुळे मोहीम बंद पडली, २०१५ साली नेपाळचा भूकंप झाला. दोन्ही वर्षी हात हलवत परत आले आणि २०१६ साली चढले. एका गुणाने मेडिकल हुकलं म्हणून जेवण सोडणारी पोरं मी लातुरात पाहिली आहेत. त्यांच्या आईबापांनी ही दोन नावं कागदावर लिहून भिंतीला लावावीत असं मला वाटतं. (हे आपलं माझं मत.)

मुलीच्या जातीचंही जाता जाता सांगतो. २०१८ साली राज्य सरकारच्या आदिवासी विकास विभागाने चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची मुलं शिकवून एव्हरेस्टवर नेली. पाच जण शिखरावर पोचले. त्यात एक मुलगी होती, मनीषा धुर्वे. तेव्हा बहिणाबाई, तुमचा मुद्दा त्या पोरीने निकालात काढला आहे.

आता माझ्या मनातली खरी गोष्ट. ती मार्क आणि नोकरीच्या पलीकडची आहे आणि लातूरच्या माणसाला ती सगळ्यात लवकर कळावी.

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे तीन वाजून छप्पन मिनिटं. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं काही क्षणांत ढिगारा झाली. मी तेव्हा लातूर जिल्ह्यातच नोकरीला होतो. आम्ही पाच-सहा शिक्षक मिळेल त्या वाहनाने गेलो. रुंद दगडी भिंती, वर मातीचं धाबं. सगळं आत कोसळलेलं. आमच्याकडे हात होते. हजारो हात होते. पण कुठला दगड आधी काढायचा, कुठल्या तुळईला धक्का लावायचा नाही, आत माणूस जिवंत असेल तर आवाज कसा ऐकायचा, सापडलेल्या माणसाची पाठ मोडलेली असेल तर त्याला कसं उचलायचं, यातलं काहीही आम्हाला येत नव्हतं. आम्ही उचलत होतो आपले, जसं जमेल तसं. बाहेरून बघ्यांची एवढी गर्दी लोटली की रस्ते अडले. मग लष्कर आलं आणि कामाला रीत आली. आठ-दहा हजार माणसं गेली त्या भूकंपात. त्यातली किती वाचू शकली असती, हा हिशेब मी कधी मांडला नाही, मांडवत नाही. पण दोर, स्ट्रेचर, विजेऱ्या आणि त्या वापरायचा सराव असलेली पन्नास माणसं लातुरात त्या पहाटे असती तर, हा विचार मात्र बत्तीस वर्षांत मला सोडून गेला नाही.

अशी माणसं गिर्यारोहणाच्या संस्थांत तयार होतात. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली. तीस जण गेले. त्या शेकडो फूट खोल दरीत, भर पावसात, उतरून एकेक मृतदेह वर कोणी आणला? महाबळेश्वर ट्रेकर्स आणि आसपासच्या अशाच संस्थांच्या पोरांनी. कोणी हॉटेलात काम करणारा, कोणी दुकानदार. पगार नाही, भत्ता नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड आली. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. यंत्र वर जाऊ शकत नव्हतं. अंधारात, चिखलात, चढणीची पायवाट. वर जाताना अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला, इतकी ती वाट जीवघेणी होती. तिथे खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या संस्थांची मुलं मदतीला पोचली, कारण रात्रीच्या पावसात डोंगर चढण्याची त्यांना सवय होती. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. शोधकार्य थांबवावं लागलं.

म्हणजे पाहा, हौस म्हणून केलेला सराव. रविवारचा वेळ. शेजारीपाजारी म्हणणार, काय मिळतं यांना? आणि एक रात्र अशी येते की जिल्हाधिकारी त्यांनाच फोन लावतो.

हेच जगात सगळ्यात मोठ्या प्रमाणावर दिसलं ते थायलंडमध्ये, आणि तिथे डोंगराऐवजी गुहा होती. २३ जून २०१८ ला फुटबॉल खेळणारी बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक थाम लुआंग नावाच्या गुहेत शिरले. पाऊस आला, गुहा पाण्याने भरली, परतीची वाट बंद. तुम्ही सर्वांनी टीव्हीवर पाहिलंच असेल. थायलंडचं नौदल होतं, अनेक देशांचं सैन्य होतं. पण गढूळ पाण्याने भरलेल्या अरुंद भेगेतून, हाताला हात दिसत नसताना, पुढे सरकायची विद्या कोणत्याच सैन्याकडे पुरेशी नव्हती. ती होती इंग्लंडच्या काही हौशी गुहाप्रेमींकडे. २ जुलैला मुलांपर्यंत पहिल्यांदा जे दोघे पोचले त्यातला रिक स्टँटन हा अग्निशमन दलातून निवृत्त झालेला आणि जॉन व्होलॅन्थेन कॉम्प्युटरवाला. वर्षानुवर्षं शनिवार-रविवारी गुहांत उतरायचं एवढाच त्यांचा छंद. गुहेच्या आतल्या वाटा सांगायला व्हर्न अन्सवर्थ नावाचा एक इंग्रज तिथेच राहत होता. त्याने ती गुहा हौसेने पायाखाली घालून मापली होती. मुलांना गुंगीचं औषध देऊन ८ ते १० जुलै या तीन दिवसांत एकेक करून बाहेर काढलं. तेराच्या तेरा वाचले. समन गुनान हा नौदलातला माजी पाणबुडा मात्र प्राणवायूच्या टाक्या पोचवताना गेला. आणि गुहेतलं पाणी उपसायच्या कामात आपल्या किर्लोस्करांचे पंपतज्ज्ञ होते, त्यातले काही सांगली-पुण्याकडचे. हे आपल्या पेपरांत आलं तेव्हा मी कात्रण काढून ठेवलं होतं.

गुहेवरून आठवलं. गुहाभ्रमणाच्या संस्था म्हणजे केव्हिंग क्लब आपल्याकडे फारसे नाहीत, कारण आपला सगळा मुलूख काळ्या बेसाल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात पाण्याने पोखरलेल्या लांबच लांब गुहा होत नाहीत, त्या चुनखडीत होतात. मेघालयात त्या आहेत. शिलाँगच्या एका हौशी संस्थेने १९९२ पासून परदेशी मंडळींना बरोबर घेऊन तिथल्या शेकडो किलोमीटर गुहांचे नकाशे केले. त्यांनीच २०१८ साली क्रेम पुरी ही वालुकाश्मातली गुहा मापली. चोवीस किलोमीटरहून जास्त लांब. हिवाळ्यात दरवर्षी काही आठवडे चिखलात सरपटायचं, टेप लावायचा, आकडा ओरडायचा, दुसऱ्याने वहीत लिहायचा. सगळं काम एवढंच.

आपल्या गुहा माणसाने कोरलेल्या. आणि इथे मला खरोसा आणल्याशिवाय राहवत नाही. औसा तालुका, लातूरपासून साधारण ४५ किलोमीटर. बारा लेणी. साधारण सहाव्या शतकातली समजतात. गंमत म्हणजे ही लेणी बेसाल्टमध्ये नाहीत, जांभ्यात आहेत. जांभा ताजा कापला की मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो. पण त्याला भोकं पडत जातात आणि मूर्तीचं नाकडोळा झडून जातं. नरसिंह आहे, कैलास हलवणारा रावण आहे, कार्तिकेय आहे, पण ओळखायला नजर लागते. एकेका मूर्तीपुढे मुलांना दहा-दहा मिनिटं उभं करून मी विचारायचो, सांगा हा कोण? कोणी म्हणे मारुती, कोणी म्हणे भूत. एका पोरीने रावणाचे हात मोजून बरोबर सांगितलं होतं.

या लेण्यांची पहिली शिस्तशीर नोंद जेम्स बर्जेसने केली. १८७५-७६ च्या हंगामात तो बीदर-औरंगाबाद भागात फिरला, धाराशिवची लेणी पाहिली, खरोसा पाहिलं, नकाशे केले आणि १८७८ साली अहवाल छापला. हा बर्जेस मूळचा गणिताचा मास्तर बरं का! कलकत्त्याला शिकवायचा, मग मुंबईत एका शाळेचा मुख्याध्यापक होता. त्याच्या आधीचा एक साहेब आठवा. जॉन स्मिथ. १८१९ च्या एप्रिलमध्ये शिकारीला गेला, अजिंठ्याची लेणी दिसली, आणि दहाव्या लेण्यात त्याने चाकूने आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. आजही आहे. लेण्यात शिरलेल्या माणसाचे हे दोन प्रकार आधीपासूनच आहेत, एक नाव कोरणारा आणि एक टेप लावणारा. आपल्या खरोशाच्या भिंतीवरही बदामात बाण मारून नावं कोरणारे पहिल्या जातीचे वारस आहेत. दुसऱ्या जातीचे वारस तयार करायला कोणीतरी हातात टेप द्यावा लागतो आणि मोजायला बरोबर माणसं लागतात. एकट्याने टेपची दोन्ही टोकं धरता येत नाहीत.

बाकी व्यवहाराचं थोडं भाच्यासाठी. संस्था आणि सहल कंपनी यात फरक कर. पैसे भरले, बस आली, शंभर माणसं गडावर चढवली, फोटो काढले, उतरवली, ही कंपनी. तिथे सोय मिळते, शिक्षण मिळेलच असं नाही. संस्थेत वर्गणी थोडी आणि काम जास्त. पुढच्या वर्षी तुझ्याच पोरीला नव्या मुलांचा दोर तपासावा लागेल. राज्य सरकारचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ साली आलं आहे, त्याखाली नोंदणी आहे का विचार. मागे चालणारा कोण असतो विचार. प्रथमोपचार शिकलेले किती जण आहेत विचार. गेल्या पाच वर्षांत किती मोहिमा अर्ध्यावरून परत आणल्या, हेही विचार. आणि 'एकही नाही' असं छाती फुगवून कोणी सांगितलं तर पोरीला तिथे पाठवू नकोस. पुढे तिला आवड राहिलीच तर उत्तरकाशीला नेहरू गिर्यारोहण संस्थेचा अठ्ठावीस दिवसांचा पायाभूत अभ्यासक्रम असतो. त्याला सुट्टीचं गणित आधीपासून बसवावं लागतं.

आणि एक काम मी तिला आत्ताच सांगून ठेवलं आहे. दिवाळीच्या सुट्टीत लातूरला येईल तेव्हा तिच्या संस्थेतली चार पोरं घेऊन खरोशाला यायचं. येताना पन्नास मीटरचा टेप, चार विजेऱ्या आणि आलेखाची वही. बर्जेसच्या नकाशाची प्रत मी नांदेडहून घेऊन येतो. लेणी क्रमांक एकपासून सुरुवात करू. दीडशे वर्षांत जांभा किती झिजला ते खांबाच्या घेरावरून थोडंफार तरी कळेल. चढण फार नाही, माझे गुडघे तेवढे चालतील. सकाळी लवकर निघावं लागेल, नऊनंतर जांभा तापतो.